एका वेळी एकच बदल

माझ्या मुलीच्या बुटांच्या टाचा अगदी नव्या होत्या. बूट घेऊन काही महिने झाले होते. चवड्याखालचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं, डाव्या बुटाच्या अंगठ्यापाशी भोक पडलं होतं. पण टाचेखाली दुकानदाराने चिकटवलेला मापाचा गोल कागद जसाच्या तसा होता. त्यावरचा आकडासुद्धा वाचता येत होता. मी बूट दिव्याखाली उलटा धरून पाहिला, मग दुसरा पाहिला. दोन्हीकडे तेच. याचा अर्थ एवढाच होता, की या मुलीने इतक्या दिवसांत जमिनीला टाच अशी टेकवलीच नव्हती.

"नाना, हे बघा," मी सासऱ्यांना म्हटलं.

नाना शिंपी आहेत. दुकान बंद करून वर्षं झाली, पण शिलाईचं मशीन घरी आलं आणि त्याबरोबर अर्धी गिऱ्हाइकंही आली. त्यांनी चष्म्याच्या वरून बुटाकडे पाहिलं. "चांगलंय की. पुढच्या वेळी अर्धेच बूट आणू. फक्त पुढचे."

बुटांची मालकीण तेवढ्यात आमच्या दोघांच्या मधून गेली. स्वयंपाकघरापासून बाहेरच्या दारापर्यंत आमच्या घरात एक लांब, सरळ पॅसेज आहे. घर बांधणाऱ्याने तो माणसांनी चालावं म्हणून ठेवला असणार. माझी मुलगी पाच वर्षांची होत आली होती आणि त्या पॅसेजमधून चालताना तिला कोणी पाहिलं नव्हतं. शाळेच्या कागदांवर तिचं नाव वेगळं आहे. घरात ती भिंगरी. हे नाव नानांनी ठेवलं, ती चालायला लागली त्याच दिवशी. चालायला म्हणजे पळायलाच.

मी लेन्स तपासते. खरं म्हणजे, तपासत होते. आमच्या कारखान्यात सूक्ष्मदर्शकाच्या लेन्स घासून तयार होतात आणि सगळ्यात शेवटी तपासणीच्या टेबलावर येतात. काळ्या कापडासमोर, एका बाजूने येणाऱ्या प्रकाशात लेन्स धरायची, हळूहळू फिरवायची आणि ओरखडा, बुडबुडा किंवा धुळीचा कण शोधायचा. पदार्थविज्ञान शिकून हेच काम करायचं होतं का, असं लोक विचारतात. हो, हेच करायचं होतं. त्या खोलीत कोणी मोठ्याने बोलत नाही, आणि लेन्स चांगली असली की ती चांगली आहे हे नक्की सांगता येतं.

भिंगरी तीन वर्षांची असताना पाळणाघरातल्या ताई तिला घेऊन स्वतः घरी आल्या. "मुलगी गोड आहे हो," त्या दारातच म्हणाल्या, "पण आम्ही चौघीच आहोत." दुसऱ्या दिवसापासून मी रजेवर गेले, आणि ती रजा वाढत गेली.

आमच्या विभागाच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी माझ्या जागेवर कोणाला कायम नेमलं नाही, तात्पुरत्या माणसांवर भागवलं. दर काही आठवड्यांनी त्यांचा फोन यायचा.

"येतेस का?"

"सांगते, बाई."

"अगं, तू लेन्स असतीस तर आतापर्यंत हातावेगळी केली असती तुला. पास की नापास, दोनच तर उत्तरं असतात."

"सांगते. नक्की सांगते."

मी स्वतःला एक अट घातली होती. भिंगरी एका जागी, एका खेळात, एका जेवणाला लागतो तेवढा वेळ शांत बसली, की मी कामावर जाईन. सकाळी ती बालवाडीत जायची, दुपारी घरात नाना असायचे. पण नानांचे गुडघे आणि भिंगरीचे पाय यांचा मेळ बसणं शक्य नव्हतं. तेव्हा आधी ती शांत व्हायला हवी, मग मी हो म्हणणार. अट मला अगदी वाजवी वाटत होती.

एका रविवारी जेवताना मी विषय काढला. "आपण घरात थोडे बदल करू या. भिंगरीसाठी."

नवऱ्याने मान डोलावली. तो शाळेत क्रीडाशिक्षक आहे. कुठलीही योजना ऐकली की त्याची मान आपोआप डोलते. "सगळं एकदम बदलून टाकू."

"एकदम नाही. एका वेळी एकच बदल. प्रत्येकाला एक आठवडा द्यायचा. नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार कसं?"

"म्हणजे पोरीवर प्रयोग करायचा?" नाना म्हणाले.

"पोरीवर नाही, घरावर."

"मग घराला विचारलंस का?"

"विचारतेच आहे. सुरुवात टीव्हीपासून. तो दिवसभर चालू असतो."

नानांनी घास खाली ठेवला. "मी टीव्ही बघत नाही. मी नुसता ऐकतो. त्याशिवाय सुईला चाल येत नाही."

"रेडिओ ऐका. हळू आवाजात."

"ऐकतो. माझं काय, म्हाताऱ्याने काय वाटेल ते ऐकावं." पण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच टीव्हीला एक खोळ शिवून घातली, झालरीसकट.

पहिला आठवडा टीव्हीचा. दुसरा खेळण्यांचा. घरभर पसरलेली खेळणी मी पेटीत भरली आणि बाहेर फक्त लाकडी ठोकळे, रंगखडू आणि एक कापडी ससा ठेवला. तिसरा आठवडा उजेडाचा. संध्याकाळ झाली की बाहेरच्या खोलीतली पांढरी ट्यूब बंद, कोपऱ्यातला पिवळा दिवा चालू. मग रात्रीचं जेवण लवकर. त्यानंतर पॅसेजमधलं शिलाईचं मशीन मागच्या खोलीत हलवायचं, कारण भिंगरी पळताना त्याला वळसा घालायची आणि वळशावर तिचा वेग वाढायचा.

बदल करायचे तर मोजमापही हवं. दुपारच्या जेवणानंतर खिडकीजवळ चटई टाकायची, ठोकळे द्यायचे आणि ती किती वेळ बसते ते पाहायचं. रोज तीच वेळ, तीच चटई, तेच ठोकळे. नवऱ्याच्या कपाटात एक जुनं स्टॉपवॉच होतं, अंगठ्याने बटण दाबायचं. बटण दाबलं की टक् असा खणखणीत आवाज यायचा. मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसायचे, बटण दाबायचे आणि वर पाहायचे.

चटईवर नुसते ठोकळे असायचे.

पहिल्या आठवड्यात मला याचं काही वाटलं नाही. टीव्हीची सवय जायला वेळ लागणारच. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, खेळणी हवी आहेत बिचारीला. तिसऱ्या आठवड्यात मी बटण दाबायचे आणि भिंगरी दारापर्यंत जाऊन परत येऊन माझ्यासमोर धापा टाकत उभी राहायची, चेहऱ्यावर लाली, डोळे माझ्या तोंडाकडे. मी उसासा टाकून भिंतीला टांगलेल्या फळ्यावर खडूने एक अगदी छोटा आकडा लिहायचे.

तसं पाहिलं तर काही बरं घडत नव्हतं असं नाही. पिवळ्या दिव्यात ती जेवायला बसायची आणि जेवण संपेपर्यंत उठायची नाही. एकदा रंगखडू घेऊन ती नानांच्या पायाशी इतका वेळ बसली, की त्यांनी तिला ओलांडून मागे पडलेली कात्री घेतली. बालवाडीच्या बाई मला दारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "हल्ली छान बसते हो तुमची मुलगी." मी हसले. बालवाडीच्या बाई आईबापांशी असंच बोलतात. आणि हे सगळं माझ्या मोजमापाच्या वेळेबाहेरचं होतं, म्हणून मी ते धरलं नाही.

मशीन मागच्या खोलीत गेलं त्या आठवड्यात मात्र काहीतरी विचित्र झालं. पॅसेजमधून जाणाऱ्या भिंगरीचा आवाज बदलला. आधी टपटप यायचा, आता धपधप येऊ लागला. वाढीच्या वयात मुलं जड होतात, मान्य. पण एका आठवड्यात? मी तिला उचललं. फ्रॉक माझ्या गुडघ्यावर आपटला. कापड आपटल्यावर होतो तसा तो आवाज नव्हता.

मी फ्रॉकचा काठ बोटांनी चाचपला. आत गोल, चपटं, कडक काहीतरी होतं. थोड्या अंतरावर आणखी एक. संबंध घेरभर.

"नाना!"

मशीन थांबलं. नाना मागच्या खोलीतून बाहेर आले नाहीत, यावरूनच मला कळलं.

"नाना, हे काय आहे?"

"पडद्याची वजनं आहेत," आतून आवाज आला. "पडदा वाऱ्याने उडू नये म्हणून काठात घालतात."

"ते मला माहीत आहे. फ्रॉकमध्ये कशाला?"

"फ्रॉक उडू नये म्हणून." मग थोड्या वेळाने, "आतल्या मालासकट."

नवरा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता. तो हसायला लागला. आधी बेताने हसला, मग जरा जास्तच हसला. मी त्याच्याकडे वळले.

"तू काय केलंस?"

"मी? मी कुठे काय?"

"तू असा हसतोस तेव्हा काहीतरी केलेलं असतंस."

"काही नाही गं. फक्त जिने."

"कुठले जिने?"

त्याने पेपरची घडी केली, फार नीट. "तू सकाळी आंघोळीला जातेस ना, तेव्हा आम्ही दोघं जिना चढून गच्चीपर्यंत जातो आणि येतो. दोन-तीनदा. मला वाटलं, दमली की दुपारी बसेल."

"कधीपासून?"

"टीव्ही बंद झाला तेव्हापासून."

"बाबा हरतात," भिंगरीने माझ्या कडेवरून सांगितलं.

"मी मुद्दाम हरतो," तो म्हणाला.

"नाही. खरंच हरतात. मधे बसतात."

मी खुर्चीत बसले. भिंगरी मांडीवर बसली आणि तिच्या घेरातली वजनं माझ्या गुडघ्यांवर विसावली. रोज सकाळी जिने चढायचे आणि दिवसभर वजन बांधून पळायचं. क्रीडाशिक्षकाच्याही ते एव्हाना लक्षात येत होतं. "खेळाडूंना अगदी हेच करायला लावतात," तो हळूच म्हणाला. "स्पर्धेच्या आधी."

"तुम्ही दोघांनी मिळून तिला तयार केलंत," मी म्हटलं. "सगळा प्रयोग पाण्यात गेला. आता मी कसं सांगू, दिव्यामुळे काय झालं आणि जिन्यामुळे काय?"

नाना एव्हाना दारात आले होते, गळ्यात टेप. "आम्ही आपले आमच्या परीने काहीतरी करत होतो बाई. तू तरी काय करतेस?"

"मी? मी काहीच करत नाही. मी फक्त बघते."

"हं," नाना म्हणाले, आणि फ्रॉक उसवायला घेऊन गेले.

त्याच आठवड्यात मोठ्या बाईंचा फोन आला. या वेळी त्यांचा आवाज वेगळा होता, थट्टा कमी होती. "हे बघ, महिनाअखेर मला जागा भरायची आहे. वरून विचारणा झाली. मी अजून किती दिवस तात्पुरती माणसं दाखवू? एक चांगली मुलगी अर्ज करून बसली आहे."

"बाई, मी—"

"सांगते म्हणू नकोस. तपासणीवर येणाऱ्या प्रत्येकाला डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला लागतो, तो आधी घे. नाही म्हणालीस तरी डोळ्यांची तपासणी काही वाया जाणार नाही. मग मला एका शब्दात कळव."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिले. फळ्यावरचे आकडे सगळे छोटे होते. त्या आकड्यांच्या जोरावर हो म्हणणं शक्य नव्हतं. आणि नाही म्हटलं, तर ते काळं कापड, बाजूने येणारा तो प्रकाश आणि ती शांत खोली त्या चांगल्या मुलीची होणार होती. त्याचं मला काही वाईट वाटायचं कारण नव्हतं. तरी वाटलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घातले. त्यांनी बाहुली मोठी होते, म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा नीट पाहता येतो. तपासणी झाली, डोळे उत्तम निघाले. "संध्याकाळपर्यंत सगळं धूसर दिसेल, जवळचं तर काहीच दिसणार नाही," ते म्हणाले. "वाचू नका, शिवू नका, उन्हात जाऊ नका."

"लेन्स तपासू नका," मी म्हटलं. ते हसले असावेत. मला दिसलं नाही.

नवऱ्याने अर्धा दिवस रजा घेतली होती. त्याने मला हाताला धरून घरी आणलं आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, पडदे ओढले. मी काळा चष्मा लावून बसले. समोर सगळं दुधात बुडवल्यासारखं होतं. दार म्हणजे एक तपकिरी ढग, नाना म्हणजे एक पांढरा ढग. चटई कुठे संपते आणि जमीन कुठे सुरू होते तेही कळत नव्हतं. मी शेवटी डोळे मिटूनच घेतले.

बालवाडीतून आलेली भिंगरी जेवली, आणि चटईवर ठोकळे ओतल्याचा आवाज आला. स्टॉपवॉच कपाटातच होतं. त्यावरचे आकडे मला दिसणारच नव्हते, तर ते काढायचं कशाला? आजचा दिवस बुडाला असं धरून मी पाठ टेकली.

ठोकळ्यावर ठोकळा ठेवल्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. लाकडाचा तो अगदी छोटा, कोरडा आवाज असतो. तो आला, मग थोडी शांतता, मग पुन्हा आला. मग भिंगरीचं पुटपुटणं सुरू झालं.

"तू इकडे. तू मोठा आहेस ना, मग खाली बस. लहान माणसं वर. नाही, धक्के नाही द्यायचे. सशा, तू दार आहेस. तू नुसतं उभं राहायचंस."

मागच्या खोलीत मशीन चालत होतं, थांबत होतं, पुन्हा चालत होतं. नवऱ्याने माझ्या हातात चहाचा कप दिला. मी तो चाचपडत बाजूच्या स्टुलावर ठेवला आणि विसरले. पडद्याच्या फटीतून येणारं ऊन आधी माझ्या मनगटावर होतं. ते हळूहळू कोपरापर्यंत चढलं. नानांनी एक पडदा संपवून दुसरा घेतला, हे मशीनच्या आवाजावरून कळलं. ठोकळे वाजतच होते. एकदा सगळं कोसळलं. मला वाटलं, आता ती उठणार. "अरेरे," भिंगरी म्हणाली. "चला, पुन्हा." आणि पुन्हा तो कोरडा आवाज.

चहा हातात घेतला तेव्हा तो पार निवला होता.

"आई," चटईवरून आवाज आला. "आज नाही का?"

"काय नाही?"

"शर्यत."

"कसली शर्यत गं?"

"आपली. तू टक् करतेस आणि मी पळते ती."

मी गार चहाचा कप चाचपडत परत स्टुलावर ठेवला.

"मैदानावर बाबा करतात ना टक्, तेव्हा दादा-ताई पळतात. मग बाबा ओरडून सांगतात कोण जिंकलं ते." ठोकळा वाजला. "तू सांगतच नाहीस. तू बघतेस आणि तोंड असं करतेस."

"कसं?"

"असं."

"मला दिसत नाहीये राणी. डोळ्यांत औषध घातलंय ना."

चटईवरून पावलं आली, अगदी सावकाश. तिने माझा हात धरला आणि माझी बोटं स्वतःच्या ओठांवर नेऊन ठेवली. ओठांची दोन्ही टोकं खाली ओढलेली होती. मी बोटांनी ती रेघ तपासली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. माझीच होती.

"मग मी उद्या अजून जोरात पळते," भिंगरी म्हणाली. "तरीपण तू तसंच करतेस."

मी तिला जवळ घेतलं. चष्म्याखालून पाणी आलं, ते औषधाचं होतं असं नंतर सगळ्यांना सांगितलं. "तू पहिली आलीस," मी म्हटलं. "रोज. मीच सांगायची विसरले."

"रोज?"

"रोज."

तिने थोडा विचार केला. "मला वाटलंच होतं," म्हणाली, आणि परत चटईवर गेली.

तरीही खात्री केल्याशिवाय माझं समाधान होईना. मी नवऱ्याला हाक मारली. "अरे, तुझं ते स्टॉपवॉच घे. तिच्या मागे दारात उभा राहा. काही बोलू नकोस. फक्त बटण दाब."

"कशाला?"

"दाब तर खरं."

टक्.

ठोकळे उडाले. वाऱ्याचा एक झोत माझ्या गुडघ्यांवरून गेला, पॅसेजभर टपटप वाजलं, बाहेरच्या दारावर दोन्ही हात थाडकन आपटले आणि टपटप उलट दिशेने परत आलं. "किती?" भिंगरी धापा टाकत ओरडली.

"मस्त!" नवरा सवयीने ओरडला. "कालच्यापेक्षा—" आणि तिथेच थांबला. मग त्याचा आवाज अगदी बारीक झाला. "अगं, रविवारी मैदानावर मीच हिला सुरुवातीच्या रेषेजवळ बसवतो. टक् झालं की मुलं पळतात, असं मीच शिकवलंय."

"काय पडलं?" मागच्या खोलीतून नाना ओरडले.

"काही नाही," मी म्हटलं. "माझा प्रयोग पडला."

नाना आले, त्यांना सगळं सांगितलं. ते भिंतीला टेकून इतके हसले, की त्यांच्या गळ्यातली टेप घसरून खाली पडली. "म्हणजे इतके दिवस ही रोज दुपारी पोरीला पळवत होती! आणि माझी वजनं तेवढी उसवायला लावलीस!"

"तुमची वजनंही चुकीचीच होती."

"पण माझ्या चुकीला झालर होती."

मी सगळं पुन्हा मनात मांडलं. जेवताना ती बसत होती. नानांच्या पायाशी बसत होती. बालवाडीत बसत होती, आणि तिथल्या बाई निव्वळ खरं तेच सांगत होत्या. मी मोजत नसे तेव्हा ती बसायची. बंद टीव्ही, कमी खेळणी, पिवळा दिवा, लवकर जेवण, यातल्या कशाचा किती गुण आला ते मला आजही सांगता येणार नाही. बहुधा सगळ्यांचा थोडा थोडा. कदाचित जिन्याचाही. माझ्या शिक्षणाला हे शोभत नाही, पण उत्तर एवढंच आहे.

म्हणजे अट पूर्ण झाली होती. कदाचित बऱ्याच दिवसांपूर्वीच. मला हलकं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. भिंगरी पुन्हा चटईवर बसली होती, ठोकळे पुन्हा वाजू लागले होते, आणि तिला माझ्याकडून काहीच नको होतं. ती शांत होत नाही तोवर मला घरी राहावं लागणार, हे मी सगळ्यांना सांगत आले होते. मी खुर्ची ओढून समोर बसले नाही तरच ती नीट बसते, हे मी कोणाला सांगणार होते?

"दुपारची काळजी करू नकोस," नाना म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं. "ती चटईवर, मी मशीनवर. कोण कोणाकडे बघतंय?"

"तुमचे गुडघे?"

"मशीन बसून चालवतात. आणि पळालीच तर मी काय तिच्या मागे धावणार आहे? दार बंद असतं. गेली तशी येईल परत."

"आणि मी चारला येतोच," नवरा म्हणाला. "जिने बंद. शब्द देतो."

"जिने हवेत!" चटईवरून आवाज आला.

"बरं, जिने चालू," मी म्हटलं. "पण मला न लपवता."

तेवढ्यात माझा फोन वाजू लागला. मी तो डोळ्यांपुढे धरला, दूर धरला. पडद्यावर नुसता उजेड होता. नवऱ्याने वाकून पाहिलं. "मोठ्या बाई," तो म्हणाला, बटण दाबून फोन माझ्या हातात दिला. त्याने आवाज मोठा करून ठेवला होता. मुद्दाम की चुकून, ते मी विचारलं नाही.

"काय गं, डोळे दाखवलेस का?"

"दाखवले, बाई. चांगले आहेत. पण आत्ता मला काही दिसत नाहीये."

"वा! म्हणजे लेन्स तपासायला अगदी लायक."

"उद्यापर्यंत दिसेल."

"दिसेल गं. आणि बाकीचं? ती अर्जवाली मुलगी बाहेर बसली आहे. तिला आत बोलवू की घरी पाठवू?"

मशीनचा आवाज थांबलेला होता. नाना दारात होते, नवरा खुर्चीच्या हाताला टेकून उभा होता; दोघांचेही मला ढगच दिसत होते, पण दोन्ही ढग हलत नव्हते. चटईवर भिंगरी सशाला काहीतरी समजावत होती. आमच्याकडे तिचं लक्ष नव्हतं.

"सां—" सवयीने माझ्या तोंडातून निघालं. मी ते गिळलं.

"बाई," मी म्हणाले, "मी येतेय. सोमवारपासून."